तीन ठिपक्यांचा नट

धुळ्याला साक्री रोडवर, नदीचा पूल मागं टाकून जरा पुढं गेलं की चुडामण मिस्त्रींचं दुकान लागायचं. दुकान कसलं, पत्र्याची एक खोली, तिच्यापुढं वर्षानुवर्षं ऑइल पिऊन काळी आणि कडक झालेली जमीन, आणि त्या जमिनीवर कायम पोट उघडून पडलेल्या दोन-तीन मोटारसायकली. मिस्त्री बोलायला कमी. गिऱ्हाईक काय सांगतं ते मान खाली घालून ऐकायचं, इंजिन चालू करून घ्यायचं, डोळे मिटून घडीभर त्याचा आवाज ऐकायचा आणि मग ‘उद्या या’ किंवा ‘परवा या’ एवढंच म्हणायचं. पण त्यांनी आवळलेला नट आपण होऊन ढिला होत नाही, ही गोष्ट साक्रीपासून पारोळ्यापर्यंत गाड्या दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना माहीत होती. मागच्या चाकाचा नट आवळून झाला की ते टोकदार पोलादी पंच आणि हातोडी घ्यायचे आणि तीन ठिपके मारायचे, दोन नटावर आणि तिसरा एक्सलच्या टोकावर, तिन्ही एका रेषेत. नट केसभर जरी फिरला तरी रेष मोडायची आणि लांबूनच कळायचं. ही खूण दुसरं कोणी करत नव्हतं, आणि मिस्त्रींनीही ती स्वतः आवळलेल्या नटाखेरीज कधी कुठं केली नव्हती.

त्यांची बायको कमलबाई जाऊन तेव्हा नऊ वर्षं होत आली होती. मूलबाळ नव्हतं. विधवा थोरली बहीण कुंदाबाई त्यांच्याकडे राहायला आली होती, तीच दोन वेळा भाकरी टाकायची. कमलबाईला सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं ते वैशाखातले तीन दिवस, सहा, सात आणि आठ मे, मिस्त्रींना एकेका तासासकट आठवत होते. खाटेजवळचा लोखंडी स्टूल, खिडकीला बांधलेलं ओलं गोणपाट, आणि आपल्या डाव्या हातात तिचा हात. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला तो हात हातातच थंड झाला. जन्मभर तिच्यासाठी फार काही करणं जमलं नाही, कामाच्या नादात तिच्याशी चार शब्द बोलणंही राहून गेलं, पण शेवटच्या घडीला आपण तिचा हात धरून होतो, एवढ्या एका गोष्टीवर ते नऊ वर्षं निजत होते आणि उठत होते.

एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत आठ-दहा दिवस सारखं आभाळ राहिलं. ऊन नाही, पाऊस नाही. दिवसभर संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं, आणि दादर ज्वारीवर चिकटा पडेल म्हणून खेड्यातले लोक काळजीत होते. अशा एका सकाळी साक्रीकडचा एक टेम्पो दुकानासमोर थांबला आणि त्यातून रुपचंद नावाचा पन्नाशीचा शेतकरी उतरला. टेम्पोत एक जुनी काळी मोटारसायकल आडवी बांधलेली होती. गोठ्यात उभी राहून राहून तिचा पत्रा फुगला होता आणि चाकांच्या तारांत कडब्याचा चुरा अडकला होता.

“मिस्तरी, तुम्हना माल तुम्हनाजोडे लई उनू,” रुपचंद हसत म्हणाला. “साक्रीमा दोन पाने मोडनात. तिसरा मिस्तरीनी नट दखा आनि हात जोडात. म्हने, ज्यानी आवळा त्यालेच सांगा.”

टायर कुजलं होतं, मागचं चाक काढायला हवं होतं, आणि एक्सलचा नट निघत नव्हता. रुपचंदचा मुलगा अभिमन सुरतेला कामाला होता, तो आता कायमचा घरी परत येणार होता, आणि येण्याआधी आपली गाडी चालती करून ठेवा असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. मिस्त्री उकिडवे बसले. नटावरचा शेणाचा आणि गंजाचा थर त्यांनी तारेच्या ब्रशनं काढला. खाली तीन ठिपके होते.

रेष कुठंही मोडलेली नव्हती. म्हणजे आवळल्या दिवसापासून तो नट हललाच नव्हता. फक्त तिसरा ठिपका, एक्सलच्या टोकावरचा, जरा उथळ आणि बाजूला सरकलेला होता, जणू हातोडी बसताना पंच धरणारा हात दचकला असावा. मिस्त्रींचा हात दचकत नसे.

“ही गाडी माझ्या हातून गेलेली नाही, रुपचंदभाऊ.”

“आसं कसं बोलतस? अभिमनना लगीनना येळे तीन दिन आम्हना आंगनमा बठनात ना तुम्ही. गाडी बठ्ठी खोलेल व्हती. मी तुम्हले लेवाले उनथू, तवय तुम्ही नही म्हननात, आनि त्याच दिन दुपारले मोटरमातीन उतरनात.”

“कोणत्या साली?”

“ब्याऐंशी. वैशाखमा.” रुपचंदनं दोर सोडता सोडता वर पाहिलं. “म्हतारपन कोनलेच सोडत नही, मिस्तरी. मी बी कालदिन चष्मा डोकावर ठी सन घरभर धुंडा.”

शुक्रवारी मुलगा येणार, गुरुवारी सकाळी गाडी न्यायला येतो, असं सांगून तो त्याच टेम्पोनं परत गेला. मिस्त्री पुन्हा नटापाशी उकिडवे बसले. ब्याऐंशीच्या वैशाखात कोणीतरी न्यायला आलं होतं, ही गोष्ट त्यांना अंधुक आठवली. पागोटं बांधलेला एक माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता आणि आपण त्याला ‘जमणार नाही’ म्हणालो होतो. तो माणूस मान हलवून निघून गेला होता. पुढं काही नाही. पुढं फक्त स्टूल, गोणपाट आणि तिचा हात.

जाम झालेल्या नटाशी जबरदस्ती करायची नसते. त्याला रॉकेल पाजायचं, वाट पाहायची, हातोडीनं त्याच्या सहाही बाजूंवर हलके हलके वाजवायचं, म्हणजे आतला गंज सुटतो. मग पाना लावून आधी केसभर आवळायचा आणि नंतर सोडायचा. माणूस रुसला म्हणजे आधी त्याच्या मनासारखं बोलतात, तसं. मिस्त्रींनी हे सगळं केलं. दुपारी स्टोव्हच्या ज्योतीनं नट लाल होईपर्यंत तापवला आणि त्याला मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं म्हणून. मग उजव्या हातानं पाना धरून अंगाचा सगळा भार टाकला. नट हलला नाही. पण पान्यातून जो जोर उलट त्यांच्या मनगटात आला तो त्यांना ओळखीचा वाटला. आपला खोकला अंधारातही आपल्याला ओळखू येतो, तसा. हा नट त्यांनीच आवळलेला होता, त्याबद्दल त्यांच्या हाताला शंका राहिली नाही. शंका फक्त मनाला होती.

दिवेलागणीला ते घरी गेले तेव्हा कुंदाबाई चुलीपुढं बसल्या होत्या.

“चुडामण, कोपऱ्यातलं रॉकेल तू नेलंस? रेशनला महिन्याला पाच लिटर मिळतं, ते तू नटाला पाजतोस आणि मी इथं ओल्या लाकडांशी डोळे फोडते.”

“उद्या आणून देतो.” ते पाटावर बसले. ताटात भाकरी आणि मिरचीचा ठेचा आला तरी त्यांनी हात लावला नाही. “अक्का, कमल गेली तेव्हा मी कुठं होतो?”

कुंदाबाईंनी फुंकणी खाली ठेवली. “कुठं म्हणजे? तिच्या उशाशी. तीन दिवस जागचा हलला नाहीस.”

“एकदाही नाही?”

“हात धुवायला तेवढा उठायचास.” त्या आठवून आठवून बोलू लागल्या. “त्याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. डावा हात तिच्या हातात, आणि उजवा मनगटापर्यंत काळा, ऑइलनं भरलेला. नर्सबाई रागवायची, मिस्त्री, पेशंटपाशी असा हात घेऊन बसू नका. तू साबण लावून धुऊन यायचास, आणि घडीभरानं पाहावं तर परत काळा. मी म्हटलं, जन्मभर त्यात हात घातले, आता कातडीतूनच येत असेल. जेव ना. गार होतंय.”

मिस्त्री जेवले. त्यांना बरं वाटायला हवं होतं, कारण आपण तिथं होतो हे दुसऱ्या माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पण हात काळा असल्याचं त्यांना काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्यांनी दुकान उघडलं नाही. एक सामान आणायचं आहे असं बहिणीला सांगून ते सकाळची एस.टी. धरून साक्रीला गेले आणि तिथून विचारत विचारत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या रुपचंदच्या खेड्यापर्यंत तीन मैल चालत गेले. वाटेत त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण ते तीन दिवस जर इथं, एका परक्याच्या अंगणात गाडी खोलून बसलो असलो, तर तिचा हात आपण धरला नव्हता. आणि तो धरला नसेल, तर ती कुणाकडे पाहत गेली? गाव त्यांना अनोळखी वाटलं. वाटा अनोळखी, पाण्याची टाकी अनोळखी. पण रुपचंदच्या दारापाशी येईपर्यंत त्यांना कोणाला घर विचारावं लागलं नाही, हे दारात उभं राहिल्यावरच त्यांच्या ध्यानात आलं.

रुपचंद शेतात गेला होता. त्याची बायको वच्छलाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. तांब्यावर अक्षरं ठोकलेली होती, लग्नाच्या भांड्यांवर ठोकतात तशी. मिस्त्रींनी पाणी पिण्याआधी तांब्या उजेडाकडे फिरवून वाचला. ‘चि. अभिमन याचे लग्नास मामाकडून, ता. ९-५-८२.’

“लग्नाच्या किती दिवस आधी आलो होतो मी?”

“तीन दिन. लगीनना आदला दिन दुपारले गाडी व्हयनी आनि तुम्ही गयात. चार वाजेल व्हतात. मांडव घालनारा च्या पी ऱ्हायनथात, म्हनीसन माले याद शे.” तिनं त्यांच्यामागं, रस्त्याकडं नजर टाकली. “एकलाच उनात का? बाईले नही लयनात?”

“कोणत्या बाईला?”

“तुम्हनीच बाई ना. तवय तुम्हना संगे व्हत्यात.”

मिस्त्रींनी तांब्या खाली ठेवला. अंगणात कोंबड्या तुरीचा चुरा वेचत होत्या. आभाळ इतकं खाली आलं होतं की समोरचा डोंगर निम्माच दिसत होता.

वच्छलाबाई मोकळ्या मनानं बोलत राहिली. ती सांगत होती त्यात तिला वावगं असं काही वाटतच नव्हतं. बाई बारीक होत्या, रंगानं सावळ्या, कपाळाला गोंदण. कमलबाईच्या कपाळाला गोंदण होतं. तीन दिवस त्या मिस्त्रींच्या डाव्या अंगाला जमिनीवर बसून राहिल्या. जेवल्या नाहीत, नुसतं पाणी प्यायल्या. मिस्त्रींनी सगळी गाडी एका हातानं जोडली, एका उजव्या हातानं, कारण डाव्यात त्यांनी बायकोचा हात धरलेला होता, तो त्यांनी एक घडीही सोडला नाही. बायकांनी आत बसून हसून घेतलं होतं, या वयात एवढी माया बरी म्हणून. शेवटी नट आवळून झाला तेव्हा पंच धरायला हात नव्हता, मग बाईंनीच आपल्या मोकळ्या हातानं पंच धरला आणि मिस्त्रींनी हातोडी मारली.

“तिसरा घाव बठना तवय त्या दचकन्यात. नवी व्हती ना बिचारी ते कामले.”

मिस्त्रींच्या मनातला एक दगड उतरला होता आणि त्याच जागी दुसरा, त्याहून जड, येऊन बसला होता. ती त्यांना सोडून गेली नव्हती. त्यांनीही तिला सोडलं नव्हतं, इथंही नाही आणि तिथंही नाही.

“काही बोलली का ती?”

“एकच बात. घडीघडी तीच. म्हने, सोडा आते, माले जावानं शे. तुम्ही आयकेतच नही.” वच्छलाबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “थकेल दिखेत व्हो त्या. जातांना माले सांगी गयात, हाऊ नट दुसरा कोनाले सोडता येवाव नही. ते येतीन, त्यास्लेच सोडू द्या. बऱ्या शेतस ना आते?”

“बऱ्या आहेत,” मिस्त्री म्हणाले.

दुपारच्या एस.टी.नं ते परत आले आणि घरी न जाता सरळ दुकानात गेले. अजून उजेड होता, मळका, राखेच्या रंगाचा. त्यांनी पत्र्याचं दार अर्धंच उघडलं, गाडी पुढं ओढली आणि खोक्यावर बसून त्या नटाकडे पाहत राहिले. तिला जायचं होतं, आणि नऊ वर्षं ती गेली नव्हती, असं त्यांच्या मनात आलं. साध्या माणसाला येतात तसेच विचार त्यांना आले. वासराचं दावं खुंटीला राहून गेलं की ते रात्रभर उभं राहतं. आपण धरून ठेवलं ते मायेनंच, पण धरणाऱ्याला माया वाटते आणि धरलेल्याला फक्त दुखतं. आणि ती म्हणाली होती की त्यांनाच सोडू द्या. तर सोडायला हवं.

त्यांनी पाना लावला, पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाइप चढवला आणि जोर दिला. नट हलला नाही. त्यांनी पुन्हा जोर दिला, आणि तेव्हा त्यांना दिसलं की आपण एकाच हातानं ओढतो आहोत. कालपासून, गाडी आल्यापासून, ते एका हातानंच काम करत होते. ब्रश एका हातानं, हातोडी एका हातानं, पाना एका हातानं. डावा हात मांडीवर होता आणि त्याची मूठ झाकलेली होती; पुरी झाकलेली नाही, आत कोणाचा तरी हात मावेल एवढी पोकळ. ती मूठ ऊबदार होती.

बाहेर रस्त्यावरून कापसाची एक बैलगाडी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी एक एक बोट उचलून डावी मूठ उघडली, तो हात पाइपवर नेला आणि दोन्ही हातांनी ओढलं.

नट सुटला. मोठा आवाज नाही झाला, सुपारी फुटावी तेवढाच झाला, आणि पाइप त्यांच्या छातीवर आला. पुढचे आटे त्यांनी बोटांनीच फिरवून काढले. आतून नट लख्ख होता. गंजाचा कण नाही, आट्यांना लावलेलं ऑइल अजून ओलं, कालच लावल्यासारखं. त्यांनी तो चिंधीवर ठेवला, एक्सल ठोकून बाहेर काढला, चाक उतरवलं, जुनं टायर काढून नवं चढवलं. काम चांगलं झालं. डाव्या हाताला मात्र गारठा लागला होता. तो त्यांनी दोन-तीनदा स्टोव्हवर धरला तरी गेला नाही.

घरी कुंदाबाईंनी ताट वाढलं. मिस्त्री आज जरा मोकळे दिसत होते. त्यांनी बहिणीचं रॉकेल शेजाऱ्याकडून मागून आणलं होतं.

“अक्का,” ते म्हणाले, “शेवटी तिचा हात कसा होता? मी धरला होता ना, पण मला वाटतं तिला तो सोडवून घ्यायचा होता.”

कुंदाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. त्यांनी भावाकडे पाहिलं, आजारी माणसाकडे पाहतात तसं.

“काय बोलतोस, चुडामण?”

“दवाखान्यात.”

“तू कुठं होतास दवाखान्यात?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पहिल्या दिवशी सकाळी होतास. मग लग्नाघरचं काम आहे, उद्यापर्यंत येतो म्हणून साक्रीकडे गेलास तो तिसऱ्या दिवशी रात्री आलास. मीच होते तिच्यापाशी. आता उगा जुनं कशाला उकरतोस? तेव्हा मी काही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.”

“काल तर तू म्हणालीस की माझा हात काळा—”

“काल आपण रॉकेलवरून भांडलो. बाकी काही बोलणं झालं नाही.” भाकरी तव्यावर पडली. “दाराकडं बघत होती ती. दर वेळी पाऊल वाजलं की मान वळवायची. तिनं हात असा बाहेर काढून ठेवला होता, चादरीवर. मी धरायला गेले तर मागं घ्यायची.”

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि स्टूल आठवून पाहिला. लोखंडी स्टूल आठवेना. गोणपाट आठवेना. त्याऐवजी एक अंगण आलं, मांडवाचे बांबू, उन्हात पसरलेले गाडीचे सुटे भाग, आणि आपले दोन्ही हात; दोन्ही मोकळे, दोन्ही काळे, घाईनं चाललेले.

सकाळी रुपचंद टेम्पो घेऊन आला. गाडी दोन चाकांवर उभी पाहून तो खूश झाला, टायर दाबून पाहिलं, सीटवर थाप मारली.

“रुपचंदभाऊ,” मिस्त्रींनी विचारलं, “त्या वेळी माझ्याबरोबर बाई होती ना?”

“बाई? कोनती बाई?”

“वच्छलाबाईंनी पाहिली आहे. काल मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा—”

“काल? काल तर आम्ही दोन्ही बी शेतमा व्हतूत, मिस्तरी. घरले कुलूप व्हतं.” रुपचंदचा आवाज जरा उतरला. “तुम्ही एकलाच व्हतात तवय. घरमा बाई आजारी शे, तुम्हना जीव लागे नही. मी सांगं, मिस्तरी, जा, गाडी ऱ्हाऊ द्या. तुम्ही म्हनेत, एवढा नट आवळी लेस नी जास.”

मिस्त्रींनी मान हलवली. मग ते गाडीच्या मागच्या चाकाशी गेले आणि उकिडवे बसले. चाक बसवताना तो नट त्यांनी काल हातानंच लावला होता, पुरा आवळायचा राहिला होता. त्यांनी पाना घेतला.

“येळ लागी का?” रुपचंदनं विचारलं.

“एवढा नट आवळून घेतो.”

रुपचंद खोक्यावर बसला. त्यानं बिडी पेटवली, ती संपली. दुसरी पेटवली. पाना फिरत होता. आटे नवे असल्यासारखे चांगले होते, नट वाकडा नव्हता, एक्सल झिजलेला नव्हता, आणि तरीही तो कुठं टेकत नव्हता, कुठं धरत नव्हता; मिस्त्री फिरवतील तितका गुळगुळीत फिरत होता, आणि एकाच जागी होता. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला तरी त्यांनी मान वर केली नाही. ते एका हातानं आवळत होते. दुसरा हात त्यांनी मागं, कोणीतरी धरावा म्हणून, उघडा धरून ठेवला होता.